समुद्रावरचे धडे : कराचीपासून काळ्या समुद्रापर्यंत

१ फेब्रुवारी २०२४ रोजी रात्रीच्या काळोखात क्रिमियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, दोनुझलाव्ह सरोवरानजीक ‘इव्हानोवेत्स’ ही रशियाची क्षेपणास्त्र नौका बुडाली. तिच्यावर ना विनाशिका चालून आली होती, ना पाणबुडी. स्फोटके भरलेल्या, एकही खलाशी नसलेल्या काही लहान होड्या युक्रेनने दूरनियंत्रणाने तिच्या अंगावर सोडल्या आणि त्या एकामागोमाग एक येऊन आदळल्या. मोठी युद्धनौका बुडवू शकतील अशी स्वनातीत क्षेपणास्त्रे ‘इव्हानोवेत्स’वर होती, परंतु पाण्याला चिकटून येणाऱ्या होडीपुढे त्यांचा काही उपयोग नव्हता.

एका मध्यम आकाराच्या नौकेचे बुडणे ही युद्धाच्या धामधुमीत तशी लहानशीच घटना. मात्र भारतीय वाचकाने तिची विशेष दखल घ्यावी असे त्यात काही आहे. ‘इव्हानोवेत्स’ ज्या वर्गातील होती, त्या वर्गाचे पूर्वज म्हणजे ‘ओसा’ वर्गाच्या सोव्हिएत क्षेपणास्त्र नौका. डिसेंबर १९७१ मध्ये कराची बंदरावर धडक मारून भारतीय नौदलाने जगाला चकित केले, ते याच ‘ओसा’ नौकांच्या बळावर. पुढे ‘इव्हानोवेत्स’च्याच वर्गाच्या नौका ‘वीर’ वर्ग म्हणून भारतीय नौदलातही दाखल झाल्या. मोठ्या जहाजाला लहान नौकेने मारावे, या विचारातून जन्मलेले हे कूळ. अर्धशतकानंतर त्याच कुळातील नौकेला तिच्याहूनही लहान, तिच्याहूनही स्वस्त होडीने तळ दाखवला.

नौदलाचे डावपेच नव्या शस्त्रांमुळे बदलतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. शस्त्र आधी येते; त्याचा खरा उपयोग कोणता, हे युद्धातच उमगते. आणि ते कोणाला उमगते, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. गेल्या शतकभराच्या नाविक युद्धांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन:पुन्हा समोर येते : ज्याला फटका बसतो तो शिकतो, जो जिंकतो तो आपल्या विजयाच्या प्रेमात पडतो. भारताच्या वाट्याला १९७१ साली पाच दिवसांच्या अंतराने हे दोन्ही अनुभव आले. म्हणूनच हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकांपुरता राहत नाही.

‘एलात’चा धक्का

या कहाणीचा आरंभ २१ ऑक्टोबर १९६७ रोजी होतो. इजिप्तच्या पोर्ट सैद बंदराबाहेर गस्त घालणारी इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका इजिप्तच्या ‘कोमार’ वर्गाच्या छोट्या नौकांनी ‘स्टिक्स’ क्षेपणास्त्रे डागून बुडवली. ४७ खलाशी मृत्युमुखी पडले. नौकेवरून नौकेवर डागलेल्या क्षेपणास्त्राने युद्धनौका बुडण्याची ही पहिलीच वेळ होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या ‘एलात’वर तोफा होत्या, पण येणाऱ्या क्षेपणास्त्राचे काय करायचे, याचे उत्तर तिच्याकडे नव्हते. तसे ते त्या वेळी जगातील फारशा कोणत्याच नौदलाकडे नव्हते.

इस्रायलने या आघातावर सहा वर्षे काम केले. त्याच्या स्वत:च्या ‘गॅब्रिएल’ क्षेपणास्त्राचा पल्ला ‘स्टिक्स’च्या निम्म्याच्या आसपास होता. म्हणजे शत्रू आधी डागणार, हे गृहीतच होते. तेव्हा प्रश्न असा मांडला गेला की, शत्रूची क्षेपणास्त्रे वाया घालवायची कशी? त्यासाठी त्यांच्या रडारला चकवणारे धातूच्या पट्ट्यांचे ढग आणि इलेक्ट्रॉनिक अडथळे यांवर भर देण्यात आला. ७ ऑक्टोबर १९७३ च्या रात्री सीरियाच्या लताकिया बंदरासमोर या तयारीची परीक्षा झाली. सीरियाच्या नौकांनी दुरून क्षेपणास्त्रे सोडली; ती सारी चुकली. मग इस्रायली नौका वेगाने जवळ गेल्या आणि सीरियाच्या पाच नौका बुडाल्या. इस्रायलची एकही बुडाली नाही. क्षेपणास्त्र तेच, समुद्रही तोच. बदलली होती ती फक्त एका बाजूची समज.

पोरबंदरची रेषा

या दोन घटनांच्या मध्ये भारताचा अध्याय येतो आणि त्याचेही मूळ एका मानहानीत आहे. सप्टेंबर १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी नौदलाच्या ताफ्याने द्वारकेवर तोफा डागल्या. प्रत्यक्ष नुकसान नगण्य होते. पण जवळच ओखा येथे ‘तलवार’ ही भारतीय फ्रिगेट यंत्रातील बिघाडामुळे अडकून पडलेली आणि पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेस आक्रमक कारवाई करू नये अशा सरकारी आज्ञेने नौदलाचे हात बांधलेले, अशी त्या वेळची स्थिती होती. द्वारकेवर मारा करणाऱ्या ताफ्यात ‘खैबर’ नावाची विनाशिका होती, हेही ध्यानात ठेवायला हवे. नौदलाच्या एका संपूर्ण पिढीच्या मनात हा सल राहिला. पुढच्या वेळी युद्ध आपल्या किनाऱ्यावर नव्हे, शत्रूच्या बंदरात न्यायचे, हा निर्धार त्यातूनच झाला.

‘एलात’च्या घटनेनंतर भारताने सोव्हिएत संघाकडून आठ ‘ओसा’ नौका घेतल्या. त्या १९७१ च्या पूर्वार्धात आल्या. मूळ कल्पनेनुसार या नौका किनारा-संरक्षणासाठीच होत्या. त्यांचा पल्ला मर्यादित होता. मुंबई बंदरात एवढे वजन उचलणाऱ्या क्रेन नसल्याने त्या कोलकात्यात उतरवून, मोठ्या जहाजांना बांधून, भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालून मुंबईत आणाव्या लागल्या. वरकरणी ही निव्वळ अडचण. पण या प्रवासात नौदलाला एक गोष्ट समजली : या नौका ओढत नेता येत असतील, तर त्यांच्या पल्ल्याची मर्यादा ओलांडता येते. मग कराची दूर नाही.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘ऑपरेशन ट्रायडंट’मध्ये ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन नौका ‘किल्तन’ व ‘कच्छल’ या अधिक चांगले रडार असलेल्या जहाजांसह कराचीच्या दिशेने निघाल्या. इंधन पुरवण्यासाठी ‘पोषक’ हा टँकर होता. पाकिस्तानी हवाई दलाकडे रात्री समुद्रावर हल्ला करण्याची क्षमता नव्हती, हे ओळखून वेळ निवडली होती. द्वारकेवर मारा करणाऱ्या ताफ्यातील तीच ‘खैबर’ या रात्री बुडाली. तिच्यावरील लोकांना आकाशातून येणारा प्रकाशबिंदू विमान वाटला आणि त्यांनी त्यावर विमानविरोधी तोफा डागल्या. ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका आणि ‘व्हीनस चॅलेंजर’ हे मालवाहू जहाजही बुडाले. ८ डिसेंबरच्या रात्री ‘ऑपरेशन पायथन’मध्ये एकट्या ‘विनाश’ने चार क्षेपणास्त्रे डागली. तिच्या सोबतीला ‘त्रिशूल’ होती आणि सहा वर्षांपूर्वी ओख्याला अडकलेली ‘तलवार’ही होती. नौदल व हवाई दलाच्या हल्ल्यांनी केमारीचे तेलसाठे पेटले. दरम्यानच्या काळात कराचीत एवढी धास्ती पसरली होती की, ६ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्याच ‘झुल्फिकार’ या फ्रिगेटला भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून तिच्यावर मारा केला.

या यशाचे श्रेय केवळ सोव्हिएत क्षेपणास्त्रांना देणे अन्यायाचे ठरेल. तीच क्षेपणास्त्रे इजिप्तकडे आणि सीरियाकडेही होती. किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेली नौका ओढत नेऊन शत्रूच्या दारात वापरायची आणि जहाजांसाठी बनवलेले अस्त्र बंदराच्या दिशेने सोडायचे, ही कल्पना भारतीय नौदलाची होती. तिच्यामागे १९६५ ची सल होती, १९६७ चा परक्याचा अनुभव होता आणि १९७१ च्या उन्हाळ्यातला ओढत आणण्याचा स्वानुभवही होता.

‘खुकरी’ने काय सांगितले?

‘पायथन’च्या दुसऱ्याच दिवशी, ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, दीवजवळ ‘खुकरी’ ही भारतीय फ्रिगेट ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची जगातील ही पहिली घटना होती.

कॅप्टन मुल्ला यांच्या धैर्याची कथा देशाला ठाऊक आहे. त्यामागील डावपेचांची कथा मात्र तेवढी सांगितली जात नाही. त्या परिसरात पाणबुडी आहे, हे तिच्या संदेशांवरून आधीच कळले होते. तिचा शोध घेण्यासाठी ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ पाठवण्यात आल्या. ‘हंगोर’ फ्रान्समध्ये बांधलेली, तुलनेने नवी आणि आवाज न करणारी पाणबुडी होती. तिचा सोनार भारतीय फ्रिगेटच्या जुन्या ब्रिटिश सोनारपेक्षा दूरचे ऐकू शकत होता. सोनारमधील एका प्रायोगिक सुधारणेच्या चाचणीसाठी ‘खुकरी’चा वेग कमी ठेवला होता, असेही नोंदले गेले आहे. कमी वेगाने जाणारे जहाज म्हणजे पाणबुडीला सोपे लक्ष्य. थोडक्यात, शिकारी म्हणून निघालेल्या जहाजांना शिकार आधी दिसत नव्हती. शिकारीला मात्र ती दिसत होती.

याच्या जोडीला अरबी समुद्राची स्वत:ची एक खोडी आहे. उष्ण कटिबंधातील समुद्राचा वरचा थर तापलेला असतो आणि त्याखाली पाणी एकदम थंड होत जाते. ध्वनिलहरी या सीमेवर वाकतात. थंड पाण्याच्या उत्तर अटलांटिकमध्ये चांगले काम करणारा सोनार इथे थराखाली दडलेल्या पाणबुडीच्या बाबतीत जवळजवळ बहिरा होऊ शकतो. परदेशी उपकरण विकत घेता येते. आपल्या समुद्राचा स्वभाव विकत मिळत नाही. तो अभ्यासावाच लागतो.

नौदलाने हा धडा घेतला. आरोग्यस्वामी पॉलराज या तरुण नौदल अधिकाऱ्याकडे १९७१ च्या युद्धानंतर जुन्या सोनारच्या सुधारणेचे काम देण्यात आले. त्यांनीच पुढे कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत ‘अप्सोह’ या स्वदेशी सोनारच्या निर्मितीचे नेतृत्व केले. १९८० च्या दशकाच्या आरंभी तो भारतीय जहाजांवर बसला. हेच पॉलराज नंतर अमेरिकेत गेले आणि आजच्या मोबाइल व वायफाय जाळ्यांत एकाच वेळी अनेक अँटेना वापरण्याच्या तंत्राचे जनक म्हणून जगभर ओळखले गेले. दुसरा बदल जहाजांच्या रचनेत झाला. पाणबुडीचा शोध एकट्या जहाजाने घेऊ नये, त्याच्यासोबत हेलिकॉप्टर हवे, हे ‘खुकरी’ने शिकवले होते. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘तारागिरी’ व ‘विंध्यगिरी’ या फ्रिगेट ‘सी किंग’सारखे जड हेलिकॉप्टर सामावून घेतील अशा रीतीने बदलण्यात आल्या. १९८३ मध्ये दाखल झालेल्या ‘गोदावरी’वर तर दोन ‘सी किंग’ची सोय होती.

परंतु घेतलेला धडा टिकवणे ही निराळी गोष्ट आहे. ‘सी किंग’ जुनी होत गेली, त्यांच्या जागी नवी हेलिकॉप्टरे घेण्याचे प्रस्ताव वर्षानुवर्षे रेंगाळले आणि कोट्यवधी रुपयांच्या नव्या युद्धनौका पुरेशा पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टरांविना समुद्रात उतरत राहिल्या. २४ ‘एमएच-६० आर’ हेलिकॉप्टरांचा करार २०२० मध्ये झाला आणि त्यांचे पहिले पथक मार्च २०२४ मध्ये कोचीत दाखल झाले. ‘खुकरी’ बुडून तेव्हा ५२ वर्षे उलटली होती.

लिव्हरपूलमधील खडूच्या रेषा

अनुभवातून शिकायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तम उदाहरण दुसऱ्या महायुद्धात सापडते. १९४२ या एका वर्षात जर्मन पाणबुड्यांनी दोस्त राष्ट्रांची ६० लाख टनांहून अधिक क्षमतेची व्यापारी जहाजे बुडवली. ब्रिटनचे अन्न आणि इंधन याच जहाजांतून येत होते. जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूलमधील नौदल मुख्यालयाच्या वरच्या मजल्यावर एक छोटा विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांना क्षयामुळे नौदलातून निवृत्त व्हावे लागले होते. त्यांच्या हाताखाली होत्या महिला नौदल सेवेतील तरुणी. काही तर विशीसुद्धा न ओलांडलेल्या. त्यांच्यातील बहुतेकींनी समुद्रावरची लढाई पाहिलेली नव्हती.

त्यांनी खोलीच्या जमिनीवर चौकटी आखून समुद्र तयार केला. परत आलेल्या कप्तानांच्या हकिगती घेऊन जहाजांचे मार्ग खडूने रेखाटले. पाणबुड्यांचे मार्ग दुरून दिसू नयेत अशा हिरव्या खडूने काढले जात. शिकायला आलेल्या अधिकाऱ्याला पडद्यामागे उभे करून फटीतून तेवढेच दाखवले जाई, जेवढे त्याला रात्रीच्या समुद्रात दिसले असते. या खेळातून एक धक्कादायक निष्कर्ष निघाला. पाणबुड्या ताफ्याबाहेरून मारा करतात, असे नौदल समजत होते आणि हल्ला होताच रक्षक जहाजे बाहेरच्या दिशेने धावत होती. प्रत्यक्षात पाणबुड्या रात्री पृष्ठभागावरून, ताफ्याच्या मागच्या बाजूने आत शिरून मारा करत होत्या. रक्षक ज्या दिशेने धावत होते, त्या दिशेला शत्रू नव्हताच.

मग रक्षक जहाजांनी बाहेर न पांगता ताफ्याभोवती आणि मागे ठरावीक रीतीने फिरून शोध घेण्याचा नवा डाव बसवण्यात आला. जीन लेडलॉ या तरुणीने त्याला ‘रासबेरी’ हे खट्याळ नाव दिले. सुमारे पाच हजार अधिकारी या वर्गातून शिकून गेले. मे १९४३ मध्ये जर्मनीच्या ४१ पाणबुड्या बुडाल्या आणि ॲडमिरल डोनिट्झ यांना त्या उत्तर अटलांटिकमधून मागे घ्याव्या लागल्या. लांब पल्ल्याची विमाने, नवे रडार आणि फोडलेले सांकेतिक संदेश यांचा या यशात मोठा वाटा होता, हे खरेच. पण त्या साऱ्या साधनांचा उपयोग कोणत्या क्षणी कोणी कसा करायचा, हे त्या जमिनीवरच्या खडूच्या रेषांनी शिकवले.

या उदाहरणातील मर्म तंत्रज्ञानात नाही. तिथे हकिगत लपवली गेली नाही, कप्तानांच्या चुकांवर पांघरूण घातले गेले नाही आणि विशीतल्या मुलीने अनुभवी अधिकाऱ्याला ‘तुमचे जहाज बुडाले’ असे सांगितले तर ते ऐकून घेतले गेले. याउलट अमेरिकेने १९४२ च्या पूर्वार्धात ब्रिटनचा अनुभव समोर असूनही आपल्या पूर्व किनाऱ्यावर संरक्षित ताफ्यांची पद्धत सुरू करण्यास विलंब लावला. किनाऱ्यावरील शहरांचे दिवे झगमगत राहिले आणि त्या उजेडात उठून दिसणारी जहाजे बुडत राहिली. परक्याच्या रक्ताने लिहिलेला धडा वाचायला स्वत:चे रक्त सांडावे लागते, हे नौदलांचे जुनेच दुखणे आहे.

विजयाचे ओझे

पराभवाने शिकवले नाही तर नुकसान होते. विजयाने चुकीचे शिकवले तर सर्वनाश होतो. मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत जपानने रशियाचा ताफा जवळजवळ नष्ट केला. या देदीप्यमान यशातून जपानी नौदलाने एक सिद्धांत पक्का केला : पुढचे युद्धही अशाच एका निर्णायक लढाईत जिंकले जाईल. पुढची जवळपास चार दशके त्याचे नियोजन, जहाजे आणि प्रशिक्षण या एका लढाईभोवती फिरत राहिले. व्यापारी जहाजांच्या रक्षणासारखे नीरस काम दुय्यम ठरले. त्यासाठी एकत्रित मुख्यालय उभारायला नोव्हेंबर १९४३ उजाडले. तोवर अमेरिकी पाणबुड्या जपानचे तेल आणि कच्चा माल समुद्रतळाशी पाठवू लागल्या होत्या. जून १९४२ मधील मिडवेचा पराभव तर जपानी नौदलाने स्वत:च्याच लोकांपासून दडवला. जो पराभव मान्यच केला नाही, त्यातून शिकणार काय?

त्याच वर्षी अमेरिकेलाही जबर फटका बसला होता. ९ ऑगस्ट १९४२ रोजी सावो बेटाजवळच्या रात्रीच्या लढाईत दोस्तांच्या चार क्रूझर बुडाल्या आणि हजाराहून अधिक माणसे गेली. अमेरिकी जहाजांवर रडार होते. पण त्याची माहिती वेळेवर योग्य माणसापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था नव्हती. त्यानंतरच्या महिन्यांत प्रत्येक जहाजावर ही माहिती एकत्र करणारे केंद्र उभे राहिले. जवळपास एका वर्षाने, ६ ऑगस्ट १९४३ च्या रात्री, वेला आखातात सहा अमेरिकी विनाशिकांनी चारपैकी तीन जपानी विनाशिका बुडवल्या. स्वत:चे एकही जहाज गमावले नाही.

कबुलीचे धैर्य

१९८२ च्या फॉकलंड युद्धाने आणखी एक बाजू दाखवली. ४ मे रोजी अर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेले ‘एक्झोसेट’ क्षेपणास्त्र ‘शेफील्ड’ या ब्रिटिश विनाशिकेवर आदळले. २० जण मरण पावले आणि काही दिवसांनी ती बुडाली. या आणि इतर जहाजांवरील आगींनी ब्रिटिश नौदलाला साध्या वाटणाऱ्या गोष्टी शिकवल्या : कृत्रिम धाग्यांचे कपडे आगीत वितळून कातडीला चिकटतात, धूर जहाजभर पसरतो, पाण्याचा एक नळ फुटला तर आग विझवण्याची सोयच संपते. आग आणि गळती रोखण्याचे प्रशिक्षण, कपडे, श्वसनसाधने, जहाजांची अंतर्गत रचना यांत त्यानंतर बदल झाले. हेलिकॉप्टरवर रडार बसवून दूरवरची विमाने हेरण्याची सोयही घाईघाईने करण्यात आली.

‘शेफील्ड’च्या चौकशीत अधिकाऱ्यांच्या चुका नमूद झाल्या, मोक्याच्या क्षणी जबाबदार अधिकारी नियंत्रण कक्षात नव्हता, हेही त्यात होते. मात्र हा अहवाल २००६ मध्ये काटछाट करून आणि २०१७ मध्ये अधिक पूर्ण स्वरूपात लोकांसमोर आला. लोकशाहीतही संस्थेला आपली चूक उघड करायला ३५ वर्षे लागतात. तरीही ती लिहून ठेवलेली होती, म्हणूनच नंतरच्या पिढ्यांना वाचता आली.

काळा समुद्र, तांबडा समुद्र

हे सारे ध्यानात घेऊन आजकडे पाहिले तर चित्र स्पष्ट होते. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनच्या ‘नेपच्यून’ क्षेपणास्त्रांनी काळ्या समुद्रातील रशियन ताफ्याचे ध्वजजहाज ‘मॉस्क्वा’ बुडवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मानवरहित होड्यांनी सेव्हास्तोपोल बंदरावर हल्ला केला. त्यांतील उणिवा दूर करत युक्रेनने पुढच्या होड्या अधिक लांब पल्ल्याच्या केल्या. रशियाने बंदरांच्या तोंडाशी अडथळे उभारले, जहाजांवर मशीनगन वाढवल्या, हेलिकॉप्टरांना होड्यांच्या शिकारीवर लावले. त्यावर युक्रेनने होड्यांवरच विमानविरोधी क्षेपणास्त्रे बसवली आणि डिसेंबर २०२४ मध्ये अशा होडीने हेलिकॉप्टर पाडल्याचा दावा केला. पूर्वी ज्या बदलाला सहा वर्षे लागत, तो आता काही महिन्यांत होऊ लागला आहे. रशियाला आपल्या ताफ्याचा मोठा भाग नोव्होरोसिस्कला हलवावा लागला. ज्या देशाकडे मोठ्या युद्धनौका उरल्या नव्हत्या, त्याने हे घडवले.

मात्र यातून ‘मोठ्या युद्धनौकांचे दिवस संपले’ असा निष्कर्ष काढणे, हीसुद्धा त्सुशिमाचीच चूक ठरेल. काळा समुद्र बंदिस्त आहे. तुर्कस्तानने १९३६ च्या माँत्रो कराराच्या आधारे सामुद्रधुन्या युद्धनौकांना बंद केल्याने रशियाला बाहेरून कुमक आणता आली नाही. युक्रेनला मित्रदेशांची टेहळणी उपलब्ध होती. खुल्या महासागरात, शेकडो मैलांवर, वेगाने जाणाऱ्या जहाजाला लहान होडीने गाठणे ही निराळी गोष्ट आहे. अनुभवातील सार्वत्रिक भाग कोणता आणि स्थानिक कोणता, हे वेगळे करणे यातच खरी परीक्षा असते.

तांबड्या समुद्राने दुसरा हिशेब मांडला. ऑक्टोबर २०२३ पासून येमेनमधील हुथी बंडखोरांच्या ड्रोन आणि क्षेपणास्त्रांना तोंड देताना अमेरिकी विनाशिकांनी काही हजार डॉलरच्या ड्रोनवर लक्षावधी डॉलरची क्षेपणास्त्रे डागली. जहाज वाचले, पण क्षेपणास्त्रांची कोठारे मर्यादित असतात आणि ती भर समुद्रात सहज भरता येत नाहीत. त्यामुळे मागासलेल्या समजल्या गेलेल्या तोफेला पुन्हा महत्त्व आले. प्रत्येक हल्ल्याची रडार-नोंद मायदेशी पाठवून तिचे विश्लेषण आठवड्यांऐवजी दिवसांत जहाजांना परत मिळावे, अशी व्यवस्था झाली. लिव्हरपूलच्या खडूच्या रेषांचेच हे नवे रूप.

अरबी समुद्राचा प्रश्न

भारताच्या दृष्टीने हे दूरचे राहिलेले नाही. २३ डिसेंबर २०२३ रोजी पोरबंदरपासून सुमारे २०० सागरी मैलांवर ‘केम प्लूटो’ या तेलवाहू जहाजावर ड्रोन आदळले. जहाज नंतर मुंबईला आणण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या जहाजाला लागलेली आग विझवण्यासाठी ‘आयएनएस विशाखापट्टणम’चे पथक गेले. म्हणजे भारतीय नौसैनिकांनी या नव्या युद्धाची झळ जवळून पाहिली आहे.

१९७१ मध्ये भारताने शत्रूचे तेलसाठे जाळले, तेव्हा भर समुद्रात भारताचे स्वत:चे असे काही नव्हते. मुंबई हायचा शोध १९७४ मध्ये लागला. आज मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेलविहिरींचे मंच उभे आहेत. जामनगर, मुंबई, न्हावा-शेवा इथे देशाच्या व्यापाराची आणि इंधनाची नाडी आहे. कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. कराचीचा धडा हल्लेखोर म्हणून पाठ असलेल्या देशाने तोच धडा आता उलटा करून वाचायला हवा. स्वस्त, लहान आणि अनपेक्षित दिशेने येणाऱ्या शस्त्राने मोठे बंदर ठप्प करता येते, हे भारतानेच जगाला दाखवले होते.

पाकिस्ताननेही आपला विजय विसरलेला नाही. चीनकडून घेतल्या जाणाऱ्या आठ पाणबुड्यांच्या वर्गाला त्याने ‘हंगोर’ हेच नाव दिले असून त्यातील पहिलीचे जलावतरण एप्रिल २०२४ मध्ये झाले. भारताने उथळ पाण्यातील पाणबुडीविरोधी १६ नौकांची मागणी नोंदवली. त्यांतील पहिली, वसईजवळच्या किल्ल्याचे नाव धारण करणारी ‘अर्नाळा’, जून २०२५ मध्ये दाखल झाली. हे योग्य दिशेचे पाऊल आहे. पण जहाज हे उत्तराचा एक भाग असते. त्या जहाजावरचा माणूस कोणत्या अनुभवातून घडला, हा दुसरा भाग.

या ठिकाणी नोंदींचा प्रश्न येतो. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने युद्धांचे इतिहास अभ्यासासाठी खुले करण्याची शिफारस केली होती. संरक्षण मंत्रालयाने त्याबाबतचे धोरण जून २०२१ मध्ये जाहीर केले : युद्धानंतर पाच वर्षांत अधिकृत इतिहास लिहिला जावा आणि सर्वसाधारणपणे २५ वर्षांनी कागदपत्रे खुली व्हावीत. शिफारशीपासून धोरणापर्यंत दोन दशके गेली. मे २०२५ च्या ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये विमानवाहू नौकेसह नौदलाचा ताफा उत्तर अरबी समुद्रात तैनात होता आणि पाकिस्तानी नौदल बंदरात किंवा किनाऱ्यालगतच राहिले, असे भारतीय नौदलाने सांगितले. त्या काळातील अनुभवाची नि:पक्ष नोंद होते की नाही, ही या धोरणाची खरी कसोटी ठरेल.

दर वर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो, तो कराचीच्या विजयाच्या स्मरणार्थ. ते उचितच आहे. पण ज्या देशाच्या नौदलाला पुढची लढाई लढायची आहे, त्याला ४ डिसेंबरपेक्षा ९ डिसेंबर अधिक काही सांगू शकतो. ‘खुकरी’चे नाव धारण करणारी, १९८९ मध्ये दाखल झालेली दुसरी नौका २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि आता दीवमध्ये पर्यटकांसाठी उभी आहे. तिच्या पूर्वजेला जलसमाधी मिळाली तो समुद्र तिथून जवळच आहे. त्या समुद्राचा तापलेला थर, त्याखाली दडलेली पाणबुडी आणि सोबत नसलेले हेलिकॉप्टर या तीन गोष्टी नौदलाच्या प्रत्येक नव्या तुकडीला शिकवल्या गेल्या, तर ‘खुकरी’वरच्या १९४ जणांचे स्मारक केवळ दगडात राहणार नाही.